सलीमच्या किडन्या कोणी नेल्या

मी जन्मापासून मांडवीची, समुद्राच्या वासातच वाढलेली. बापूस होडीवरचा तांडेल, नवरा खलाशी, आणि मी डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली मासळी विकायची. तेव्हा बांगडा इतका यायचा की शेजारणीला फुकट द्यायची, तर ती पण बांगड्याचा कान वर करून बघायची, शिळा तर नाय ना. म्हणजे शक सगळ्यांनाच असतो, मी एकटीच तशी नाय.

मग पाणी तापायला लागलं, बांगडा खोल गेला, वादळं कधीही यायला लागली, आणि होडी आपली किनाऱ्यावर पडून. त्यातच नवरा वारला. माजा सलीम बोलला, अम्मा, इथं पोट नाय भरायचं, मी कुवेतला जातो. आमच्या गल्लीतल्याच एजंटानं विजा आणला. आधी मुंबईला नेऊन रक्त, लघवी, छाती, डोळे, सगळं तपासलं, बैल घेताना पण लोक इतकं बघत नाय. फिट बोलले. धडधाकट पोरगा गेला ओ माजा.

काही वर्षांनी आला तो तोंड सुजलेला, पाय सुजलेले. येताना कोणी तपासलं नाय. इथल्या दवाखान्यातली डॉक्टरीण बोलली, दोन्ही किडन्या गेल्या. गेल्या म्हणजे? कुठं गेल्या? काय सांगू तुम्हाला, पोरगा दुपारचा झोपला की मी त्याचं बनियन वर करून टाक्याची खूण शोधायची, पाठ बघितली, बरगड्या बघितल्या, तो बोलला, अम्मा, गुदगुल्या होतात. खूण नाय मिळाली, तरी मी एजंटाच्या दारात जाऊन बोलली, माज्या पोराच्या किडन्या कोणाला विकल्यास ते सांग. सगळी गल्ली जमली. तो कसमा खायला लागला. कसम खाणाऱ्यावर तर माजा अजिबात भरोसा नाय.

शेवटी डॉक्टरणीनं सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवलं, हे बघा मावशी, दोन्ही जागेवर आहेत, फक्त सुकल्यात. तेव्हा सलीमनं तोंड उघडलं. उंच इमारतीवर भर उन्हात सळ्या बांधायच्या, पाणी प्यायलं तर लघवीला खाली उतरावं लागतं, मुकादम मजुरी कापतो, म्हणून पोरं पाणीच पीत नसत. मी बोलली, ऊन काय आजचं आहे? डॉक्टरीण बोलली, आता वाढलंय, तिथं पण आणि इथं पण. पण एसीत बसणाऱ्या साहेबाच्या नाय सुकल्या, माज्याच पोराच्या सुकल्या ना? चोर असता तर बरं झालं असतं हो, त्याची गचांडी तरी धरली असती.

आता आठवड्यातून दोनदा त्याला रक्त साफ करायच्या मशीनवर निजवतात. डॉक्टरीण बोलते, घरातल्या कोणाची किडनी जुळली तर पोरगा उभा राहील. माजी तपासायला मुंबईला जायचंय. सलीम नको बोलतो. मला शक आहे, तो माज्या मागं डॉक्टरणीला सांगणार, अम्मा म्हातारी, अम्माला बीपी, तिची किडनी घेऊ नका. म्हणून मी मशीनच्या खोलीच्या दारातच बसते, कान आत ठेवून. आणि तुम्ही हे सगळं लिहिताय, ते डॉक्टरणीपर्यंत पोचणार नाय कशावरून? अल्ला तुमच्या पोराबाळांना सुखात ठेवो, पण माजं वय पंचावन्न लिहा. बीपीचं तर लिहूच नका.