कुमुद नर्सबाईंच्या कानांची शाळा

मंडळी, पुढे सरका. मागे उभं राहून पाय दुखवून घेऊ नका. आज तुमच्यापुढे अवघड काही ठेवत नाही, एकच प्रश्न ठेवतो. शिकलेलं माणूस म्हणायचं कोणाला? ज्याला पुष्कळ सांगता येतं त्याला — का ज्याला ऐकता येतं त्याला?

काय आबा? "ज्याच्याकडं सर्टिफिकेट, त्याला!" वा! आबांनी तर कीर्तनच संपवलं!

पण भक्तीचे प्रकार किती? नऊ. पहिला कोणता? श्रवण! आणि दुसरा? कीर्तन! म्हणजे बघा — गपचूप ऐकणारे तुम्ही पहिल्या नंबरावर, आणि दोन तास घसा फोडणारा मी दुसऱ्या! नारळ मात्र मला मिळतो, ती गोष्ट वेगळी.

असो. प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. कुमुद शेलार देईल. ऐका!

पन्नासेक वर्षं झाली असतील. डोंगरकपारीत करंजवडी नावाचं गाव. एसटी खालच्या फाट्यावर सोडायची, पुढे दीड कोस चढण. तिथं सरकारनं एक खोली बांधली, चुना मारला, आणि नर्स पाठवली — ही कुमुद. वय बावीस. परीक्षेत अख्ख्या वर्गात पहिली! पांढरं पातळ, कडक इस्त्री. हातात पेटी, आणि पेटीत एक लाकडी नळी. पेरणीच्या चाड्यासारखी, म्हणजे नरसाळ्याच्या घाटाची, पण वीतभर. रुंद तोंड गरोदर बाईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या तोंडाला कान लावायचा — की आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. केवढं नवल!

साहेबांनी तिला सांगून धाडलं होतं, "गावात ठकूबाई नावाची म्हातारी सुईण आहे. अडाणी आहे. तिला शिकवा."

झालं! दर बुधवारी दुपारी खोलीच्या ओट्यावर कुमुदचा वर्ग. नाळ कापायची पत्ती उकळून घ्या, हात साबणानं धुवा, नाळेला शेण-राख लावू नका — तासभर अखंड! श्वास कधी घ्यायची देव जाणे. बाया यायच्या, जांभया द्यायच्या, निघून जायच्या. ठकूबाई तेवढी खांबाला टेकून बसायची. डोळे मिटलेले. कुमुदला वाटायचं, म्हातारी झोपते! तिनं रागानं वहीत शेरासुद्धा लिहून ठेवला — "ठकूबाई : लक्ष नाही."

मंडळी, तुमच्यातही डोळे मिटून बसलेले आहेत बरं का! मी काही शेरा लिहीत नाही.

एका बुधवारी, वर्ग सुरू व्हायच्या आधीच यसू आली. गावातलीच पोर, नववा महिना, पहिलटकरीण. खालच्या आळीतून चढण चढून आलेली, घामाघूम, चेहरा उतरलेला.

"नर्सबाई, पोटातलं लई गप हाय वो…"

कुमुद म्हणाली, "नववा महिना आहे. जागा कमी पडते. होतं तसं."

"तसं न्हाई. कसं सांगू… कालधरनं—"

"झोप बघू तिथं. घाबरतेस उगाच!"

बघा! पोरीचं वाक्य अर्धंच राहिलं. कुमुदनं नळी लावली, घड्याळ धरलं, मोजलं. एकशे वीस! तिचा चेहरा खुलला. पुस्तकात काय लिहिलंय? एकशे वीस ते एकशे साठ — बाळ उत्तम!

"सगळं छान आहे. जा घरी."

यसू उठली. पदर सारखा केला. डोळ्यांत पाणी, पण नर्सबाई म्हणतात म्हणजे असेल छान! आणि ती उंबऱ्याशी पोचली, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला —

"यसू, बाय, जरा थांब."

कोण? ठकूबाई! डोळे टक्क उघडे!

"नर्सबाई, रागावू नगा. एका हातानं तिचं मनगट धरा, आन नळीबी लावा. दोनी संगंच."

कुमुदला असा राग आला! वर्गात पहिली आलेल्या मुलीला ही अंगठेबहाद्दर बाई शिकवणार? पण म्हातारीच्या आवाजात आगाऊपणा नव्हता हो. काळजी होती. कुमुदनं यसूला पुन्हा निजवलं, मनगट धरलं. नळीला कान लावला.

नळीत ठक्… ठक्… ठक्… आणि बोटाखाली? ठक्… ठक्… ठक्!

एकाच वेळी! एकाच चालीत!

मंडळी, कुमुदच्या पायाखालची जमीन सरकली. ती ऐकत होती ते बाळाचे ठोके नव्हतेच! धसक्यानं पळणारी ती आईचीच नाडी होती! भेदरलेल्या बाईची नाडी कशी पळते, हे म्हातारीच्या बोटांना ठाऊक होतं! आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट सांगू? "ठोके ऐकताना आईची नाडी धरावी, म्हणजे घोटाळा होत नाही" — हे वाक्य कुमुदनं स्वतः परीक्षेत लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात! पैकीच्या पैकी मार्क! पेपरात उतरलं, कानात नाही उतरलं.

"मग बाळ?" ती म्हातारीकडे वळली. "ठकूबाई… बाळ कुठं आहे?"

ठकूबाई हसली नाही. टोमणा मारला नाही. यसूपाशी बसली, तिच्या कपाळावर हात ठेवला. "यसू, बाय, सांग आता. निवांत सांग. शेवटची लाथ कवा मारली?"

"काल दिवं लागताना. हितं, उजव्या कुशीला. मग आज सकाळी एकदाच, हलकीशी. मगाधरनं मी ह्येच सांगत व्हते…"

"लाथ उजवीकडं, म्हंजी पाठ डावीकडं. नर्सबाई, डावीकडं लावा. खाली. आजून जरा खाली."

कुमुदनं डोळे मिटले. हो, आता तिनं मिटले! घड्याळ बाजूला ठेवलं. बाहेर बाया कुजबुजत होत्या, कोंबड्या ओरडत होत्या. हळूहळू ते सगळं विरलं, आणि लांबून, फार लांबून ऐकू आलं. टिक्टिक्टिक्टिक्… बारीक, भरभर. जिवंत! पण लगेच ते मंदावलं. अडखळलं. दमलेलं लेकरू चढणीवर बसतं ना, तसं बसल्यागत झालं. आणि पुन्हा कसंबसं चालू लागलं.

कुमुद ताडकन उठली. "बाळ आहे! पण त्रासात आहे. तालुक्याला न्यायला हवं, आत्ताच्या आत्ता!"

"आता तुमी सांगा, आमी ऐकतो," ठकूबाई म्हणाली.

आणि ऐकलं हो गावानं! घोंगडीची झोळी झाली, चौघांनी बांबूला खांदा दिला. दीड कोस उतार! फाट्याजवळ रस्त्याचं काम चालू होतं, तिथली जीप घेतली. वाटभर यसूला डाव्या कुशीवर निजवून कुमुद दर थोड्या वेळानं वाकायची, ऐकायची. ठकूबाई विचारायची, "हाय न्हवं?" कुमुद मान हलवायची, "आहे." एका वळणावर तिनं मान हलवलीच नाही… नळी सरकवून पुन्हा कान लावला… आणि मग म्हणाली, "आहे! आहे!"

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई तयारीच्या होत्या. ऑपरेशन झालं. नाळेचे दोन वेढे गळ्याला! मुलगी निघाली निळीसावळी, गप. डॉक्टरीणबाईंनी पाठ चोळली, श्वास दिला. आणि रडली! अशी रडली, की यसूचा नवरा व्हरांड्यातून दाराशी धावत आला!

डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. "तासभर उशीर झाला असता तर संपलं होतं. शाबास सिस्टर! कसं ओळखलंत?"

मंडळी, इथं परीक्षा होती! 'ओळखलं मीच' म्हणाली असती, तर कोण तपासायला येणार होतं? पण कुमुद म्हणाली, "मी नाही ओळखलं. मी तर तिला घरी पाठवत होते. यसूनं सांगितलं, आणि ह्या ठकूबाईंनी ऐकलं."

ठकूबाईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "आन पत्ती उकळायची, हात धुवायचं, राख लावायची न्हाई, ह्ये नर्सबाईंनी सांगितलं आन मी ऐकलं. औंदा सात बाळंतपणं क्येली. सातीबी लेकरं धडधाकट हायती."

कुमुदला आता उमगलं. खांबाला टेकून झोपणारी म्हातारी! तिला वाचता येत नव्हतं, टिपून ठेवता येत नव्हतं. म्हणून ती डोळे मिटून एकेक शब्द कानानं घोटत होती! गावी परतल्यावर कुमुदनं आधी वही काढली, आणि तो शेरा खोडला.

पुढल्या बुधवारी बाया जमल्या. कुमुद उभी राहिली नाही, त्यांच्यात खाली बसली. "ठकूबाई, आज तुम्ही सांगा. मी विचारते." त्या दिवशी एकीनंही जांभई दिली नाही!

पुढे कुमुद नर्सा तयार करणारी बाई झाली. नव्या मुली वह्या उघडून बसायच्या. ती म्हणायची, "वह्या मिटा. वॉर्डात जा. एका बाईजवळ पाव तास बसा, तोंड न उघडता. ती काय म्हणाली ते येऊन मला सांगा." आठ-आठ दिवस तेवढाच अभ्यास! मुली कुरकुरायच्या. पण त्या मुलींच्या हाताखाली किती लेकरं सुखरूप जगात आली, त्याची मोजदाद कोणी करावी!

आता तुमच्याकडे वळतो. सुटलात असं समजू नका! पोरगं शाळेतून येतं. दारातूनच म्हणतं, "आई, आज ना—" आणि आपण? "हातपाय धू! डबा संपवलास? मार्क किती?" ते 'आज ना' राहिलं कुठं? दहा वर्षं ते गिळत राहिलं, आणि मग आपणच गावभर सांगत हिंडतो, "पोरगं आमच्याशी बोलतच नाही!" सूनबाई चुलीपाशी काही बोलायला जाते, म्हातारे वडील तीच गोष्ट चौथ्यांदा काढतात — मध्येच तोडतो आपण. कोणाच्या त्या अर्ध्या शब्दात कोणाचा जीव अडकलाय, आपल्याला काय ठाऊक?

तर आज प्रसाद घ्या, घरी जा, आणि घरातलं कोणीही बोलायला लागलं, की हातातलं काम बाजूला ठेवून एवढंच म्हणा — "सांग. मी ऐकतोय."

म्हणाल ना? मग त्या विटेवरच्याला हाक मारा. तो अठ्ठावीस युगं एक शब्द न बोलता सगळ्यांचं ऐकत उभा आहे! बोला — विठ्ठल, विठ्ठल!