अक्काची भडक गोधडी

अजून आठवलं की डोकं फिरतं बघा. माझी थोरली बहीण अक्का दोंडाईच्याची. तिला आणि तिने शिवलेल्या गोधडीला मी हौसेने धुळ्याच्या प्रदर्शनात नेलं. लाल, पिवळे, पोपटी तुकडे एकमेकांना खेटून बसलेले.

परीक्षक म्हणाले, "फार भडक आहे हो. सौंदर्याचे नियम जगभर सारखेच असतात, ताई."

अक्काने विचारलं, "त्या नियम ठरावताना आमले कोनी इचारं का, भाऊ?"

ते नुसते हसले आणि पुढे गेले. अक्काने गोधडी काखेत मारली. परतीच्या एसटीत मी त्या माणसाला शिव्या घालत होतो, तेव्हा ती म्हणाली, "तू भी तेच सांगे ना, फिका रंग लाव म्हनीसन?"

खरंच, ती शिवत असताना मी तसंच म्हणालो होतो.