चतकोर

—न्हाई हो ताई, आजारी-बिजारी काही न्हाई मी, बारीक झालेय. अकरा किलो! आठ महिन्यांत. लोकं परतूरच्या बाजारात ओळखत न्हाईत, ओळखलं की विचारत्यात, काय झालं हो, सगळं बरं आहे ना? तुम्ही आत्ता त्या लॅबवाल्या दादांना विचारून राह्यल्या होत्या ना, वजन उतरवायला कोणतं चांगलं, भाकर बंद करावी का एक टाइम उपाशी राहावं — ते काय सांगणार, ते रक्त काढणारे. मला विचारा. आमच्या घरात दोन्ही तऱ्हा चालू आहेत, एकाच छपराखाली. बसा, सरकते मी. तुमच्या रिपोर्टला वेळ आहे, अन् मला बी इथंच बसायचंय — उपाशीपोटीचं रक्त झालं आठला, आता काहीतरी खायचं अन् मंग दोन तासांनी दुसरं. डबा आहे की, हा काय मांडीवर. खाते. खाईन. आधी तुम्हाला सांगते.

तर आमचा करण, थोरला, पुण्याला असतो, त्यानं बापाला धरलं. लो-कार्ब. म्हणजे भाकर बंद, पोळी बंद, भात, बटाटा, केळं, साखर, सगळं बंद — अंडी खा, पनीर खा, मेथी खा, काकडी खा. अन् रेणुका, धाकटी, नाशिकला दिलीय, तिनं मला धरलं. सोळा तासांचं. म्हणजे भाकर खा, वरण खा, पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, तेवढ्यातच. सहाला तोंडाला कुलूप, ते दुसऱ्या दिवशी दहाला उघडायचं. बहीण-भावाची पैजच लागली, पप्पा जल्दी उतरत्यात का मम्मी. दर रविवारी व्हिडिओ कॉल अन् आम्ही दोघं काट्यावर. हे मोंढ्यात मापाडी होते, बत्तीस वर्षं — तूर, सोयाबीन, सरकी, सगळ्या जगाचं वजन केलं ह्या माणसानं — तर आपलं बी तसंच पुकारत्यात, 'सत्त्याहत्तर, चारशे!' अन् मी काट्यावर चढले की म्हणत्यात, 'माल ओला दिसतो, कडता कापा' — ओल्या मालाचं वजन कमी धरत्यात ना, तसं. पोरं तिकडं लोळून हसत्यात. मंग फोन बंद होतो.

कोणतं चांगलं? खरं सांगू का, दोन्हीनं उतरतं. ह्यांचं आधी भराभर उतरलं — पंधरा दिवसांत साडेतीन किलो, गल्लीभर सांगत हिंडले. डॉक्टर म्हणले, दादा, त्यात पाणीच जास्ती असतं, लई नाचू नका. अन् तसंच झालं, मंग अडकलं. डोकं दुखायचं, तोंडाला वास यायचा, अन् सकाळचं तर — आता बोलू नाही, पण लॅबातच बसलोत आपण — तीन-तीन दिवस पोट साफ न्हाई. पालेभाजी वाढवली, पाणी वाढवलं, तव्हा सुटलं. खर्चा बी आहे, पनीर काय आपल्या शेतात उगवतं? पण भूक लागत न्हाई म्हणत्यात. दोनच वेळा खात्यात, सकाळी नऊला अन् रात्री आठला. माझ्यात खर्चा न्हाई, फक्त घड्याळ बघत बसायचं. पण मी बी येडी — पहिल्याच एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, रात्री भगर, वरून राजगिऱ्याचा लाडू. म्हणलं उपासच तर आहे! रेणुकी फोनवर किंचाळलीच, मम्मी, ह्याला उपास म्हणत न्हाईत, ह्याला पंगत म्हणत्यात. — अन् ताई, एक मात्र ध्यानात ठेवा, शुगरची गोळी चालू असंल तर डॉक्टरला विचारल्याबिगर उपाशी राहू नका. मी सकाळची गोळी घेतली अन् दहाची वाट बघत बसले, तर अंगणातच गरगरलं, घामानं ओलीचिंब, हात लटलट कापायला लागले. ह्यांनी उचलून आणलं. डॉक्टरनं मंग गोळ्यांचं सगळं बदलून दिलं, रेणुकालाही फोनवर झापलं. तव्हा मी विचारलं त्यांना, साहेब, दोन्हीतलं बरं कोणतं? म्हणले, मावशी, वर्षाअखेरी काटा सारखाच येतो, ज्याला जे निभंल ते त्यानं करावं.

निभलं की. बायका काय बी निभवत्यात. पण — न्हाई, तुम्ही म्हणाल ही बाई काय सांगायला लागली — हे नऊला खात्यात, मला दहाला सुटतं. मी सहाला बंद करते, हे आठला बसत्यात. बराबर आठ महिने झाले, आम्ही दोघं एका वेळेला जेवलो न्हाईत. आधी मी वाढायला बसायचे, तर म्हणले, 'तू नको बसू, वासानं तुला भूक लागंल, मी घेतो माझं.' काळजीनंच म्हणले. मंग मी बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसते, अन् आत ह्यांच्या ताटलीत चमचा वाजतो. अन् मी घरात भाकर करणंच सोडलं. मला चालते हो, पण तव्यावर भाकर फुगली की ह्यांना राहवत न्हाई, उठून अंगणात जात्यात. कशाला त्या माणसाला तरास? मी बी भाजी खाते अन् वरण पिते.

आधी? आधी मोंढ्यातून साडेआठला यायचे. ताट एकच. आमच्यात बाईनं मागून त्याच ताटात जेवायची रीत होती — आताच्या पोरींना न्हाई पटत, अन् बराबर आहे त्यांचं. पण हे दुसरी भाकर कधी पुरी खायचे न्हाईत. चतकोर ठेवायचे. चतकोर भाकर अन् त्याच्यावर थोडं कालवण. पोट भरलं म्हणून न्हाई, दिवसभर पोत्यांत राबलेला माणूस, त्याचं कशानं पोट भरतंय? नवी नवरी होते मी तव्हा, सासू म्हणली, 'इंद्रभान, भाकर टाकतोस का रे?' तर म्हणले, 'टाकत न्हाई, ठेवतो.' बस्स. इतक्या वर्षांत त्याच्यापेक्षा गोड शब्द ह्या तोंडातून आला न्हाई बघा. साडी न्हाई की गजरा न्हाई. रोजची चतकोर.

खाते हो दादा, खाते! ओरडत्यात उगंच. — ताई, तुम्ही कुठल्या? भोकरदनकडच्या ना? मंग काय, आमच्या आष्टीत कुणाला सांगणार तुम्ही. मी ह्या बारीला रिपोर्ट खराब यावा म्हणून आलेय. हसू नका. गेल्या खेपेला दोघांचे बी चांगले आले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणले आता आयुष्यभर हेच. आयुष्यभर! म्हणलं माझी शुगर वाढली तर रेणुका घाबरंल, सोळा तास सुटतील, मंग आठला बसता तरी येईल त्यांच्याजवळ. म्हणून आठ दिवस झाले, हे सकाळी फिरायला गेले की मी एक भाकर टाकते. ज्वारीची. धूर जावा म्हणून खिडकी उघडी ठेवते. अर्धी खाते, गुळाच्या खड्यासंगं, उभ्यानंच, चोरासारखी. अन् अर्धी दुपारसाठी रांजणामागच्या पितळी डब्यात लपवते. अकराला मी बचत गटाच्या खोलीवर जाते, एकला येते — तर त्या अर्धीची अर्धीच राह्यलेली. रोज. म्हणलं उंदीर लागले. पिंजरा आणून लावला, त्यात काही सापडंना. हे बघून म्हणले, 'उंदीर लई झाले का गं घरात?' मिशीत हसले वाटतं. मी म्हणलं, व्हय, लई माजलेत. अन् ते बी म्हणले, 'असू दे, खाऊ दे बिचाऱ्याला.' मला तर इतका राग आला, म्हणलं ह्यांना उंदराची दया, अन् —

थांबा.

उंदरानं खाल्लेली भाकर कशी असती हो ताई? कुरतडलेली असती ना, कडंकडंनं? ही तर मोडलेली असती. हातानं. बराबर मधोमध. अन् डब्याला झाकण — झाकण मी रोज उघडते. म्हणजे लावलेलं असतं. कुणी लावतं. अन् राह्यलेली किती, तर —

...

किती वाजले त्या घड्याळात? दहाला पाच कमी? आज मी सगळी भाकर ह्या डब्यात घालून आणली. पितळी डब्यात काहीच न्हाई ठेवलं. मी अकराला घरी नसते, ते तव्हाच उघडत असतील, अन् आज — न्हाई न्हाई, मी न्हाई खात आता हे. पिशवी धरा जरा. अहो दादा, माझं दुसरं रक्त राहू द्या! न्हाई घ्यायचं. पुढच्या महिन्यात बघू, खरंखुरं काय येईल ते येईल. — तुम्ही बसा ताई, तुमचा रिपोर्ट येईलच. सरका जरा, पाय काढा. आष्टीची गाडी लागली असंल.