कोरा रकाना

या मायबापहो, जरा जवळ सरका, बसच्या रांगेतली गोष्ट ऐका. गणित शिकणारी भाची मोबाइलवर संख्याशास्त्राच्या पीएचडीचा अर्ज भरत होती. शेजारी नर्स मावशी.

“एक रकाना कोराच आहे गं. आज शेवटची तारीख.”

“काय विचारलंय?”

“खरी आकडेवारी कधी हाताळलीत का. मी नुसती प्रमेयं सिद्ध केलीत.”

“आणि सुट्टीत आमच्या दवाखान्यात बसून पेशंट किती वेळ ताटकळतात ते कोण टिपत होतं? तुझा आलेख बघून डॉक्टरांनी मंगळवारची वेळ बदलली.”

“ते कंटाळा आला म्हणून, मावशी.”

“मग कंटाळा गाळ, बाकीचं लिही.”

बस आली तशी गेली. भाची लिहीतच राहिली, मावशीही थांबली.

देव तिला प्रवेश देवो. आणि दवाखान्यात कधी लवकर नंबर लागला, तर त्या पोरीची आठवण ठेवा.