सोनूबायचा काट्याचा प्रश्न

मंडळी, बसून घ्या. सूर्यमाळच्या पाड्यांवरून चालत आलात, आधी दम घ्या. मला रडक्या सुरात बोलता येत नाही. तरी बोलते.

सोनूबाय गेली. इथे बसलेल्या कितीतरी जणांची नाळ तिने कापली. मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होते, बी.एस्सी. झालेली. मला भर वर्गात नापास केलं ते या सुईणीने.

सुनंदा, तुझं सांगू का? मान हलवलीस, सांगते. सुनंदाला दोनदा दिवस गेले, दोनदा पोट पडलं. सासू म्हणायला लागली, हिचं अंग आमच्या घरचं पोर ठेवत नाही, हिला माहेरी धाडा. सोनूबाय तडक माझ्या वर्गात आली.

"बाई, काटा रुतला का अंग पू करून भायेर काढतं. पोर तं अर्धा बापाचा, परका. त्याला नऊ महिने कसा ठेवतं?"

मी ठणकावून सांगितलं, गरोदरपणी शरीराची राखण, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती, झोपलेली असते. सोनूबाय हसली. म्हणाली, पोटुशीच्या पायातला काटाही पिकतो, मी पाहते. मग झोपलं कोण?

वर्ग हसला. मी सगळ्यांना गप्प केलं. जव्हारच्या डॉक्टर मैत्रिणीकडून पुस्तक आणलं, वाचलं आणि सुनंदाच्या अंगणात जाऊन बसले. सोनूबायही तिथे होती. सासूसमोर तिला म्हटलं:

सोनूबाय, उत्तर तुझ्याच हातात होतं. दर बाळंतपणात तू बाळामागून येणारी वार पुरी पडली का ते धुऊन बघतेस, मग घरामागे पुरतेस. ती वार बाळाच्या बाजूने वाढते. आईच्या गर्भाशयात रुजते, पण परकं म्हणून ओळखू येईल अशी बापाकडची खूण सहसा दाखवत नाही. आईचे राखणदार तिथे जागेच असतात. काही बाकीच्यांना शांत ठेवतात. काही तर वारेकडे जास्त रक्त जावं म्हणून वाट रुंद करतात. पोट पडण्याची कारणं अनेक. ती दवाखान्यात कळतात, सुनेला माहेरी धाडून कळत नाहीत.

सासूला पटेना. तेव्हा सोनूबाय तिच्याकडे वळली.

"तू तरी या घरात परकीच आलीस ना गं? टाकली का तुला भायेर?"

सासूला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी तीच सुनंदाला घेऊन दवाखान्यात गेली. तिसऱ्या खेपेला दिवस भरले. बाळंतपण दवाखान्यात झालं, तरी सोनूबाय हजर. नर्सच्या हातातली वार निरखून मला म्हणाली, खूण लपवते ती लबाड हीच का? मी तिथेही रागावले. तिने तिथेही ऐकलं नाही.

आता दोन मिनिटं उभे राहू. सुनंदा, तुझी लेक मघापासून बडबडते आहे. तिचं तोंड दाबू नकोस. त्याच आवाजासाठी सोनूबाय माझ्या वर्गात आली होती.

बाकीच्यांनी गप्प राहा.