तीन शून्यं

कोपरीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी डेंग्यूने गळालेला एक माणूस, त्याची बायको आणि लेक बसले होते.

“समे, काल प्लेटलेट एक लाख दहा हजार होत्या. आज नुसत्या एकशे तीस!”

“आई, ही दुसरी लॅब आहे. आकड्यापुढे दहा छापलाय, त्याच्या डोक्यावर बारीक तीन आहे बघ. म्हणजे हजारात मोजलंय. एकशे तीस हजार.”

“म्हणजे एक लाख तीस? वाढल्या?”

“वाढल्या गं.”

“मेल्यांना तीन शून्यं जड झाली? मी रडत तुझ्या काकाला फोन केला, शेवटचं भेटून जा म्हणून. चिपळूणहून निघालाय तो.”

“आई! थांबव त्याला.”

“येऊ दे गं,” तो माणूस डोळे मिटूनच म्हणाला. “नव्या घराच्या पूजेलासुद्धा आला नव्हता.”