डावा डोळा

हात नका लावू त्याला! – म्हणजे बाकी काय हवं ते करा, स्क्रीनवरची ती मधली खिडकी तेवढी बंद करू नका. हो हो, व्हर्च्युअल मशीनच ते, माहीत आहे मला. नवा कॉम्प्युटर आणला, तर त्याची सिस्टिमच वेगळी, आमचा जुना डेटाबेस त्याच्यावर चालेना. मग मेहुण्याने नव्याच्या पोटात जुना बसवून दिला – बाहेर एक, आत दुसरा. हिचा हट्ट. चार हजार गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर हिने हाताने भरलेत, पुन्हा कोण भरणार?

बंद केल्याशिवाय तुम्ही आज आणलेल्या मशीनवर नेता येत नाही म्हणता? असेल. मी बंद करतच नाही. दुकान मिटताना नुसतं झोपवतो, सकाळी उठवतो, जसंच्या तसं समोर येतं. दीड वर्ष झालं. जुने नंबर बाजूच्या खिडकीत शोधतो, नवे वहीत लिहितो. हसा, हसा – समोर कॉम्प्युटर आणि हातात वही!

तो अर्धवट फॉर्म? राहू द्या. उजवा डोळा भरलाय, डावा रिकामा. डावा भरल्याशिवाय सेव्ह होत नाही, हिनेच तसं करून घेतलं होतं – चुका नकोत म्हणून. आमची पद्धत अशी, मी आतल्या खोलीत डोळे तपासायचो, तिथूनच नंबर ओरडायचो, ही बाहेर भरायची. वीस वर्षं. त्या दिवशी उजवा सांगितला. गिऱ्हाईक एक नंबरचं किरकिरं – आता बरं दिसतं, आता नाही. ही बाहेरून विचारतेय, अहो, डावा? मी म्हणालो, थांब गं जरा, जीव चाललाय का तुझा? – बोलतोच की आपण असं, नाही का? घरोघरी बोलतात. मग पुन्हा काही विचारलं नाही तिने. मला वाटलं, रुसली. बरं झालं म्हटलं, निवांत तपासलं. दहा मिनिटं. बाहेर आलो तर डोकं टेबलावर. कीबोर्डच्या बाजूला, नीट. एक अक्षर चुकीचं दाबलं गेलेलं नाही, बघा.

रडू नाही आलं हो. अजून नाही. गिऱ्हाइकाला म्हणालो, उद्या या. काय माणूस आहे मी.

नंबर? आठवतो ना. विसरेन कसा? तुम्ही काय, भरून टाकाल, सेव्ह कराल, बंद कराल – दोन मिनिटांचं काम. खरंय. किती दिवस झोपवून ठेवायचं. बसा तुम्ही त्या खुर्चीवर, तयार राहा. नाही, इथून नाही सांगत, आत जाऊन सांगतो. पद्धत आहे ती.

...अगं, डावा – मायनस दीड! ऐकलंस का? मायनस दीड!

...नाही, तुम्हाला नाही म्हणालो. उठा तिथून. उठा म्हणतो ना. या तुम्ही आता.